पिवळ्या पळसाच्या बाई

राजूरला मी नर्स म्हणून रुजू झाले आणि खोली शोधायला लागले, तेव्हा सगळ्यांनी मला एकच सांगितलं, "कुठंबी राहा सिस्टर, पण त्या शिट्टीवाल्या बाईकडं जाऊ नका." अर्थातच मी तिथंच गेले. एक तर 'नको' म्हटलेलं आधी करायची मला लहानपणापासूनची खोड, आणि दुसरं म्हणजे नळाचं पाणी असलेली दुसरी खोली गावात शिल्लकच नव्हती.

दार एका उंच, वाळक्या बाईंनी उघडलं. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती पातळ, पायात पुरुषी चपला आणि गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली स्टीलची शिट्टी. नवरा गेल्यावर गळा मोकळा वाटायला लागला म्हणून शिट्टी अडकवली, असं त्या पुढं कधीतरी म्हणाल्या. त्या गंमत करून राह्यल्या का खरं सांगून राह्यल्या, हे मला त्यांच्याबद्दल कधीच ओळखता आलं नाही.

घरमालक लोक विचारतात, गाव कोणतं, कोणाचे तुम्ही, मालक काय करतात. बाईंनी विचारलं, "तुला आंगण साफ करायची सवय हाय का?"

मी उत्साहात सांगितलं, "हाय ना बाई! रोज झाडते. एक काडी ठेवत न्हाई."

"मंग जमायचं न्हाई," म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

मी दोन मिनिटं उभी राहिले, विचार केला आणि पुन्हा कडी वाजवली. "बाई, खरं सांगू का? मला झाडूचा लई कंटाळा हाय."

दार उघडलं. "चहा घेतीस?" त्या म्हणाल्या.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाल्या होत्या. मुलगा पुण्याला होता आणि दर दिवाळीला त्यांना न्यायला यायचा. बाई त्याला फराळ करून घालायच्या आणि एकट्यालाच परत पाठवायच्या. घर आतून आरशासारखं लख्ख. स्वयंपाकघरातल्या डब्यावर बोट फिरवलं तर धूळ लागायची नाही. पण मागचं अंगण म्हणजे रान होतं नुसतं! अंगणाच्या कोपऱ्यात एक जुना कडुलिंब, आणि त्याच्यापासून न्हाणीपर्यंत लिंबाचीच गुडघ्याएवढी, कमरेएवढी पोरं दाटीवाटीनं उभी. शेजारणी म्हणायच्या, "बाईला शाळेत स्वच्छतेचं बक्षीस मिळालं होतं म्हणे. आता बघा."

मी राहायला गेले त्याच आठवड्यात कपडे वाळत घालायला दोरी बांधली. एक लिंबाचं पोर मध्ये येत होतं. धरलं आणि ओढलं. कानाशी अशी शिट्टी वाजली की ओला पेटीकोट माझ्या हातातून मातीत पडला.

"आधी विचार, मंग उपट!" बाई दारातून ओरडल्या.

"कोणाला विचारू?"

"मला. मी नसले तर त्यालाच."

मग त्यांनी मला खाली बसवून दाखवलं. न्हाणीचा पाइप टाकायला नाली खणली, तेव्हा लिंबाची मुळं तुटली होती. जिथं जिथं मूळ दुखावलं तिथून फुटवा वर आला. म्हणून ती सगळी पोरं पाइपाच्या रेषेनं उभी होती. "बी पडून उगवली असती तर अशी कवायतीला उभी राह्यली असती का?" बाईंनी विचारलं. उत्तर दिल्याशिवाय त्यांनी मला उठू दिलं नाही.

हीच तऱ्हा सगळीकडे. अर्धं राजूर त्यांच्या हाताखालून गेलेलं. कुणाचं लग्न होवो, कुणी फौजदार होवो, कुणी आजोबा होवो, बाईंच्या लेखी तो अजून पाचवी ब मध्येच होता. फळवाल्याला आधी सतराचा पाढा विचारायच्या आणि मगच केळी घ्यायच्या. तो बिचारा दर आठवड्याला सतरा सत्तेपाशी अडकायचा. जीपवाला त्यांना बघितलं की विडी विझवायचा. चतुर्थीला गणपतीला केवढी गर्दी लोटते. बाई काही देवळात जायच्या नाहीत, पण दारात माठ भरून ठेवायच्या आणि रांगेतल्यांना पाणी द्यायच्या. पाणी पिऊन कुणी भिंतीशी थुंकला, की शिट्टी. आणि मी त्यांना बीपीची गोळी दिली की म्हणायच्या, "ही पोटात जाऊन काय करती ते आधी सांग. पेशंटला कारण सांगायला पाहिजे." मी शिकलेलं सगळं विसरले होते. त्यांना गोळी देण्यापायी मला पुन्हा पुस्तक उघडावं लागलं.

फाल्गुनात एके दिवशी त्या म्हणाल्या, "सुट्टी हाय ना? चल, तुला पिवळा दाखवते."

केदारखेड्याच्या बाजूला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. मधेच बाईंनी शिट्टी वाजवली, जीप थांबली. उतरून कपाशीची पऱ्हाटी उपटलेल्या रानातून चालत एका वस्तीच्या गायरानात गेलो. उतारावर सगळीकडे पळस फुलला होता, नेहमीचा, केशरी. आणि मध्येच एक घोळका पिवळाधमक! मी आयुष्यात पिवळा पळस बघितला नव्हता. तोंडून "अगं बया!" एवढंच निघालं.

"किती झाडं हायेत?"

मी मोजली आणि आकडा सांगितला.

"चूक. एकच हाय."

"बाई, मी बाळंतपणं करते. एक आणि अनेक मला कळतं."

"जुळी ओळखतीस ना? मंग नीट बघ. सगळ्या पिवळ्यांना बराबर एकाच वक्ताला फुलं येतात. पानं एकदमच झडतात. बाजूचे केशरी आपापल्या मर्जीनं, कुणी आधी, कुणी मागून. ह्यांचं खाली मूळ एकच हाय. एका झाडानं जमिनीखालून हातपाय पसरले अन् जागोजाग डोकं वर काढलं. बियापासून होणारं पोर कोणत्या रंगाचं निघंल भरवसा न्हाई. मुळापासूनचं पोर म्हणजे तोच तो, बिलकुल तोच."

मला काही ते पटलं नाही. पण बाईंशी वाद घालायला मी काही पागल नव्हते.

पिवळ्या पळसाखाली गुप्तधन असतं, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळं तिथं दोन-चार खड्डे होतेच. बाई खणणाऱ्यांना म्हणायच्या, "धन वर लटकलंय रे, अन् तुम्ही खाली बघून राह्यलात." ते हसायचे आणि बाई गेल्या की पुन्हा खणायचे.

"आता सांग," बाई म्हणाल्या, "इथं काय न्हाई?"

मी इकडंतिकडं बघितलं. बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढलेले. दोन झाडांना सिमेंटचा कट्टा. कट्ट्याभोवती जमीन झाडून काढलेली, एक पान पडलेलं नाही. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू?

"मोठी झालेली पोरं न्हाईत," बाई म्हणाल्या. "सगळे म्हातारे. निम्मे आतून पोकळ. एकदा हे पडले की पिवळा संपला. ह्या गावात न्हाई, ह्या तालुक्यात न्हाई. पाळण्यातलं एक पोर टिकलं न्हाई इथं लई वर्षांत."

आणि त्याचं कारण काय, तर गावाचं प्रेम! हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. वस्तीवरच्या तरुण मंडळाचा या झाडांवर जीव. होळीच्या आधी दरसाल श्रमदान. विळे, कुदळी, खराटे घेऊन पन्नासेक पोरं यायची आणि पिवळ्याखालची सगळी 'झुडपं' मुळापासून काढायची. ती झुडपं म्हणजे पिवळ्याचेच फुटवे. ते सगळं ओढत नेऊन होळीत टाकायचे. एवढ्यातून जे वाचायचं त्यावर शेळ्या हात फिरवायच्या. मग चुना लावून, फोटो काढून मंडळ समाधानानं घरी जायचं. मंडळाचा अध्यक्ष गजानन, बाईंचा जुना विद्यार्थी. बाई त्याला भर सभेत गज्या म्हणायच्या.

त्या वर्षी बाई श्रमदानाच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. शिट्ट्या वाजवून वाजवून दम लागला त्यांना. पोरं एकेक करून पाया पडली आणि पुन्हा विळा चालवायला लागली.

"बाई, घाण राहू द्यायची का मंग?" गजानन अगदी कळवळून म्हणाला. "संभाजीनगरहून लोक बघायला येऊन राह्यले. पुढच्या साली पेव्हर ब्लॉक टाकायचेत खाली. तुमच्याच हातानं उद्घाटन करू."

होळी पेटली त्या संध्याकाळी बाई घरी आल्या. ढिगातून ओढून आणलेलं एक रोपटं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. "हे तुझ्या खात्याचं काम हाय. बघ."

मी बघितलं. त्या रोपट्याला स्वतःचं असं खाली गेलेलं मूळच नव्हतं. बुडाशी अंगठ्याएवढं जाड मूळ आडवं होतं आणि ते दोन्ही बाजूंनी कुदळीनं तुटलेलं. मी रोज नाळ कापते. ती मला परक्या जागीही ओळखू येते. त्या दिवशी मला बाईंचं म्हणणं पटलं आणि तेव्हापासून मी त्यांच्या बाजूची झाले.

बाजूची झाले म्हणून लगेच अक्कलही पाजळली. म्हटलं, "बाई, कशाला भांडता? दोन दगडांना शेंदूर फासा आणि ठेवा फुटव्यांपाशी. आपल्या लोकांची काय मजाल हात लावायची!"

बाई लालबुंद झाल्या. "सगळी नोकरी पोरांच्या डोक्यातला शेंदूर खरवडण्यात गेली माझी. अन् आता म्हातारपणी मीच फासू? झाड वाचंल, पण मंग मी काय शिकवलं गं एवढी वर्षं? खोली खाली कर तू!"

खोली काही मी खाली केली नाही, आणि त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. पण आठवडाभर माझ्याशी बोलणं बंद. सगळा कारभार शिट्टीवर. एक बारीक शिट्टी म्हणजे चहा झाला, लांब शिट्टी म्हणजे मोटार बंद कर. त्या शिट्टीवर मी मुकाट चहा प्यायला जायचे. दोघी समोरासमोर बसून भुर्रभुर्र चहा प्यायचो आणि एकमेकींकडं बघायचो नाही.

मग एका सकाळी, शिट्टी न वाजवता, बाईंनी विचारलं, "सिस्टर, बाळंतिणीच्या खोलीत तू कोणाला जाऊ देतीस?"

"कोणालाच न्हाई. आई सोडून."

"अन् कुणी म्हणलं, खोलीत पसारा झालाय, पोर बाहेर काढून झाडून घेतो?"

"कानफटात देईन."

"बास," बाई म्हणाल्या. "चल, वस्तीवर तुझं लसीकरण कधी हाय?"

लसीकरणाला पुरुष फिरकत नाहीत, हे बाईंनी बरोबर हेरलं होतं. वस्तीवरच्या सगळ्या सासवा-सुना मंदिराच्या ओसरीवर लेकरं घेऊन जमलेल्या. त्यांच्यात गोदाकाकू होती. बुटकी, काळी, तिखट जिभेची बाई. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून तिनं चार पोरींची लग्नं केलेली. गायरानातला एकेक पळस तिला माणसासारखा माहीत होता, पण पिवळ्याची पानं ती कधी तोडायची नाही.

बाई बोलल्या. शाळेतलं पुस्तकी नाही, आपलं साधं. पिवळा म्हणजे बाई माणूस समजा. तिची पोरं आपण घाण म्हणून दरसाल जाळून राह्यलोत. कोणती आई जगंल अशानं? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं मांडीवरचं लेकरू जवळ ओढलं.

गोदाकाकू म्हणाली, "बराबर हाय बाई. आम्ही पोरांना अडवतो. पण आता तर तिथं काहीच राह्यलं न्हाई. होळीच्या आधीच सगळं साफ केलं. पोर हुतच न्हाई, तर खोली कामून झाकायची?"

"त्याच्यासाठीच आले," बाई म्हणाल्या. "म्हातारं झाड सुखासुखी भरपूर पोरं घालत न्हाई. वरचं डोकं खालच्या मुळांना दाबून ठेवतं. डोकं गेलं, मूळ दुखावलं, की मंग फुटतं. त्या खालच्या अंगाचा जो पोकळ पिवळा हाय ना, निम्मा वाळलेला, तो तोडायचा. अन् बाजूनं गुडघाभर चर खणायचा."

मी हातातली सिरिंज तशीच धरून बसले. मलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गजानन स्वतः घरी आला. "बाई, झुडपाला हात लावू नका म्हणता, अन् मोठ्या झाडाला कुऱ्हाड घाला म्हणता. तुम्हाला बरं वाटतं ना? सिस्टर, बीपी बघितला का ह्यांचा?"

"बघितला, चांगला हाय," मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, "गज्या, पोळ्यापर्यंत फुटवा दिसला न्हाई, तर तुझे पेव्हर ब्लॉक मी स्वतःच्या हातानं बसवीन. अन् परत त्या गायरानात पाय ठेवणार न्हाई. झालं?"

हे त्या सहज बोलल्या, पण मला त्यांच्या घरात राहून ठाऊक होतं की बाईंना मुलाकडं पुण्याला न जायला दुसरं काही कारणच नव्हतं. ते गायरान गेलं असतं, तर बाई गावात राहिल्याच नसत्या. गजाननलाही ते कळलं असावं. तो चहा न घेताच गेला. पुढं ग्रामसभेत बायकांनीच जोर धरला, झाड तसंही वाळकंच, म्हणून ठराव झाला.

ठराव झाला, पण कुऱ्हाड धरायला कुणी तयार होईना. पिवळ्यावर घाव घातला की घरात वंश राहत नाही, ही समजूत. वैशाखातल्या एका सकाळी आम्ही सगळे तिथं जमलो. मजूर आलेच नाहीत. मंडळाची पोरं लांब उभी. शेवटी बाईंनी पदर खोचला आणि कुऱ्हाड उचलली. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं नुसती काडी. पहिला घाव हुकून जमिनीत बसला, दुसरा सालीवरून सटकला आणि त्यांच्याच पायाशी आला. मी किंचाळले.

"द्या हिकडं," गोदाकाकू पुढं झाली. "माझा कोणता वंश जाऊन राह्यला? चारी पोरी नांदायला गेल्यात." तिनं कुऱ्हाड घेतली, पण घाव घातला नाही. ओच्यात एक नारळ होता तो काढला आणि बाईंकडं बघितलं. आता काय होतंय म्हणून माझा जीव टांगणीला.

बाईंनी त्या नारळाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "शेळ्या आल्या वाटतं तिकडून. बघते मी जरा." आणि आमच्याकडं पाठ करून, डोळ्यांवर हात धरून, रिकाम्या माळाकडं बघत उभ्या राहिल्या. एक शेळी नव्हती तिथं. गोदाकाकूनं नारळ फोडला, हात जोडले, झाडाची माफी मागितली. सगळं होईपर्यंत बाई शेळ्या बघत होत्या. मला बाईंचा एवढा लळा होता, पण त्या घटकेला त्यांच्यावर जो जीव जडला तो वेगळाच.

झाड पडलं. बायकांनी चर खणला, भोवती बोरीबाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. बाळंतिणीच्या दाराला बांधतात तसा गोदाकाकूनं कुंपणाला लिंबाचा डहाळा बांधला. बाई म्हणाल्या, "हे चालंल. लिंब औषधी हाय."

मग वाट बघणं. ज्येष्ठ गेला. आषाढ गेला. गवत आलं, तरोटा आला, नको ते सगळं उगवलं. फुटवा नाही. बाजारात लोक चिडवायचे, "बाई, बाळंतीण कशी हाय?" "कळा देऊन राह्यली," बाई ठणकावून सांगायच्या. पण त्या फळवाल्याला पाढा विचारायच्या बंद झाल्या, त्यावरून मी काय ते ओळखलं. एकदा तर केळी न घेताच परत आल्या.

एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "सिस्टर, पोर जन्मलं अन् रडलंच न्हाई, तर तू काय करतीस?"

"पाठ चोळते. तळपायाला टिचकी मारते."

"इथं पाठ कुठाय गं?" त्या म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवलं. "माझं चुकलं असंल तर मी जितं झाड तोडायला लावलं. निम्मं तरी जितं होतंच की ते." त्यांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला होता.

पोळा तोंडावर आला होता. दवाखान्यात ओपीडीला गर्दी. रांग मोडून, दोघातिघांना कोपरानं ढकलत गोदाकाकू माझ्या टेबलापाशी आली. गुडघ्यापर्यंत चिखल.

"सिस्टर, बाईला निरोप द्या. डिलिवरी झाली."

मी उठून उभीच राहिले. "नॉर्मल?"

"नॉर्मल. अन् पोरं किती ते मोजताच येऊन न्हाई राह्यलं!"

रांगेतले पेशंट आम्हा दोघींकडं बघत राहिले. मी डॉक्टरांना काय कारण सांगितलं ते आता आठवत नाही. बाईंना घेऊन पोहोचले तेव्हा बुंध्यापाशी काहीच नव्हतं, पण चराच्या काठानं, गवताच्या आत, एका ओळीत मखमली लालसर कोंब. प्रत्येकाला तीन पानं. बाई चिखलात फतकल मारून बसल्या. एकेका कोंबाच्या बाजूचं गवत दोन बोटांनी सारायच्या आणि पुढं सरकायच्या. शिट्टीकडं हात गेला नाही त्यांचा. रडत होत्या, आणि ते लपवतही नव्हत्या.

गजाननही आला होता. बराच वेळ बघून म्हणाला, "फुटवा आला, मान्य. पण बाई, हा पिवळाच कशावरून? साधा केशरी निघाला तर?"

"फुलंपर्यंत थांब."

"किती वर्षं?"

"तुझ्या लग्नाला जेवढी थांबलो त्याच्याहून कमी," बाई नाक पुसत म्हणाल्या. बायका खो खो हसल्या. मग बाईंनी तिथंच चिखलात काडीनं रेघ ओढून वाटणी करून दिली. खालचं अंग बंद. तिथं शेळी नाही, विळा नाही, होळीपुरतीही काडी नाही. वरच्या अंगाला केशरी पळसाची पानं गोदाकाकू आणि बाकीच्या बायकांनी घ्यायची, झाडावर निम्मी ठेवून. खालची पोरं शेळीच्या तोंडाच्या वर गेली, की मग वरचं अंग बंद करायचं आणि तिथलं एखादं म्हातारं झाड काढायचं. असं आळीपाळीनं, कायमचं. "एकदा वाचवून वाचत न्हाई," त्या म्हणाल्या. "राखतच राहावं लागतं."

खरी परीक्षा पुढच्या होळीला होती. सवय हाडीमासी असते. पोरांनी विळ्यांना धार लावल्याची बातमी गोदाकाकूनं फोनवर दिली आणि नेमक्या बाई तापानं फणफणलेल्या. उठून बसता येईना. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, माझ्या हातात दिली. "गज्याला दे. म्हणाव, वर्गाचा मॉनिटर तूच होतास."

मी जीपनं गेले. विळे घेऊन पोरं जमलीच होती. गजाननच्या हातात शिट्टी ठेवली आणि निरोप सांगितला. दाढीमिशावाला बाप्या तो, शिट्टीकडं बघत ओठ चावत उभा राहिला. मग गळ्यात घातली आणि वाजवली. "चला रे, घरी चला! काट्याच्या आत कुणी पाय घालायचा न्हाई!" पोरं गेली. त्या साली होळीला मंडळानं नुसत्या गोवऱ्या लावल्या.

परत येऊन बाईंना सांगितलं, तर ताप उतरल्यासारख्या हसल्या. मग गळ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "आता मोकळा वाटतो खरा गळा."

पुढं माझी बदली परतूरला झाली. निघताना मी विचारलं, "बाई, फुलं येतील तेव्हा बघायला तुम्ही असाल ना?"

"मला कामून बघायचंय? मला माहितीच हाय. पेपरला बसलेल्या पोराच्या मागं बाई उभी राहती काय? शिकवलं, झालं. तूच जाऊन बघ, तुला शंका होती." आणि मला अंगणातला एक लिंबाचा फुटवा मुळासकट डब्यात लावून दिला. आधी त्याला विचारून.

बाई फुलं यायच्या आधीच गेल्या. गोदाकाकूनं फोनवर सांगितलं. मी फोन धरून दवाखान्याच्या जिन्यात बसले आणि मोठ्यानं रडले. माणसं जा-ये करत होती, करू देत.

यंदा फाल्गुनात गोदाकाकूचा पुन्हा फोन आला. "या," एवढंच म्हणाली. मी रजा टाकली. एसटीनं राजूर, तिथून जीप. जीप थांबवायला शिट्टी नव्हती माझ्याकडं, तर मी ड्रायव्हरच्या पाठीत थापटलं.

जुने पिवळे निम्मे आडवे झालेले. आणि चराच्या काठानं, एका सरळ ओळीत, माझ्या डोक्याच्या वर गेलेली तरणी झाडं. पानं झडलेली, आणि शेंड्यापासून बुडापर्यंत पिवळी. एकसुद्धा केशरी नाही. ओळ कुठं मोडलेली नाही. "अगं बया," मी म्हटलं, आणि पुढं मला दिसेना.

खाली गवत, काड्या, वाळली पानं. झाडलेलं काहीच नाही, बघून जीव थंड झाला. पाय भरून आले होते म्हणून बसायला जागा बघितली. तिथं एक बोटभर कोंब मध्ये येत होता. तो जरा बाजूला ओढायला मी वाकले.

कानाशी शिट्टी वाजली. मी जागच्या जागी ताठ उभी राहिले, आणि खरं सांगते, एक क्षण मला वाटलं की मागं वळले तर पुरुषी चपला दिसतील.

"ओ ताई! आधी विचारा, मंग उपटा!"

काट्याच्या कुंपणापाशी गजानन उभा होता. केस पिकलेले, गळ्यात काळी दोरी. त्यानं मला अजून ओळखलं नव्हतं.

"कोणाला विचारू?" मी विचारलं.

"मला," तो म्हणाला. "मी नसलो तर त्यालाच."

तेव्हा मी त्या कोंबालाच विचारलं. आणि तो काही नको म्हणाला नाही, म्हणून त्याच्या बाजूला सरकून बसले.